स्थळ, काळ आणि तैलरंग : निसर्गचित्राच्या मूल्यमापनातील एका गृहीतकाची समीक्षा

प्रास्ताविक

तैलरंगात रंगविलेल्या निसर्गचित्रासमोर उभे राहिले की आपल्याकडे बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : हे प्रत्यक्ष जागेवर बसून केले आहे काय? उत्तर होकारार्थी असेल तर चित्राविषयीचा आदर वाढतो. अर्धे जागेवर करून उरलेले घरी पुरे केले असे कळले तर तो किंचित ओसरतो, आणि ते सर्वस्वी खोलीत बसून केले आहे असे समजताच पाहणाऱ्याचा उत्साह मावळतो. कलाशिक्षणाच्या वर्गात, विद्यार्थ्यांच्या कामाचे गुणांकन करताना, प्रदर्शनाच्या दालनात आणि क्वचित वृत्तपत्रीय परीक्षणातही हेच गृहीतक कधी उघडपणे तर कधी नकळत वावरत असते. प्रत्यक्ष स्थळावर झालेले चित्र 'खरे' आणि चित्रशाळेत झालेले चित्र 'बनविलेले', अशी ही ढोबळ विभागणी आहे.

प्रस्तुत निबंधात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. निसर्गचित्रकाराने घराबाहेर पडू नये असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. किंबहुना बाहेर पडणे अपरिहार्य का ठरते याचा उलगडा निबंधाच्या उत्तरार्धात केला आहे. मुद्दा एवढाच आहे, की 'कोठे रंगविले' हा प्रश्न 'काय साधले' या प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की समीक्षेचे नुकसान होते आणि त्याहून अधिक नुकसान शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे होते. या विवेचनासाठी कामीय कोरो आणि क्लोद मोने या दोन फ्रेंच चित्रकारांच्या कामाचा आधार घेतला आहे, कारण उघड्यावरील तैलचित्रणाची प्रतिष्ठा प्रामुख्याने ज्या परंपरेतून आपल्यापर्यंत पोहोचली तिच्यात या दोघांचे स्थान मध्यवर्ती आहे. अखेरीस या चर्चेचा मराठी चित्रकलेच्या संदर्भात कोणता अर्थ लागतो याचाही थोडक्यात विचार केला आहे.

माध्यमाचा स्वभाव

कोणत्याही माध्यमाविषयी बोलताना आधी त्याचा भौतिक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. जलरंगातील पाणी उडून जाते आणि रंग वाळतो. तैलरंगातील जवसाचे तेल उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन त्याचे घट्ट पापुद्र्यात रूपांतर होते. ही क्रिया सावकाश होते आणि सर्व रंगांत सारख्या वेगाने होत नाही. अंबरसारखे मातीचे रंग लवकर वाळतात, कॅडमियमचे पिवळे-तांबडे आणि काजळीचा काळा दीर्घकाळ ओले राहतात. म्हणूनच खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा थर अधिक तेलाचा असावा, हा नियम चित्रशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. तो पाळला नाही तर आधी वाळलेला वरचा थर खाली अजून हलत असलेल्या थरावर तडकतो.

याचा अर्थ असा, की तैलरंग हे मूलतः धीराचे माध्यम आहे. त्यात खरवडता येते, पुसता येते, आठ दिवसांनी परतून येऊन दुरुस्त करता येते. उलट ज्याचे चित्रण करावयाचे तो प्रकाश मात्र कोणासाठी थांबत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे सूर्य दर तासाला पंधरा अंशांनी सरकल्यासारखा दिसतो. सकाळी आठ वाजता मांडलेली झाडाची सावली दहा वाजता त्या जागी नसते, तिची लांबी बदललेली असते आणि तिच्यातला निळसरपणाही बदललेला असतो. तेव्हा सलग तीन तास एकाच जागी बसून केलेल्या चित्रातही चित्रकार पहिल्या तासातला प्रकाश तिसऱ्या तासात रंगवीत असतो. तो समोर पाहतो आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो समोरच्या दृश्याची आपल्या स्मरणातील दृश्याशी सतत तडजोड करीत असतो. स्मरण केवळ चित्रशाळेतच कामी येते हा समज येथेच गळून पडतो. उघड्यावरचे तैलचित्रही काही अंशी आठवणीतूनच रंगविले जाते.

ही अडचण जुन्या आचार्यांना पुरती ठाऊक होती. प्येर-आंरी द व्हालांसिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या यथादर्शनविषयक ग्रंथात निसर्गचित्रकारांना सल्ला देताना सांगितले होते, की उघड्यावरच्या अभ्यासाला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये, आणि सूर्योदयाचा किंवा सूर्यास्ताचा अभ्यास असेल तर अर्ध्या तासात आटोपावा. त्याने स्वतः रोमच्या परिसरात कागदावर तैलरंगात केलेले छोटे अभ्यास आज लूव्र संग्रहालयात आहेत. त्यांपैकी एका जोडीत एकच छप्पर एकदा उन्हात आणि एकदा सावलीत रंगविलेले आहे. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की व्हालांसिएन या अभ्यासांना 'चित्र' मानत नव्हता. ते चित्रशाळेतल्या भिंतीवर टांगून ठेवण्याचे भांडवल होते. प्रदर्शनात मांडावयाचे चित्र निराळे, पौराणिक प्रसंग असलेले, विचारपूर्वक रचलेले. उघड्यावरचे तैलचित्रण हे अकादमीविरुद्धच्या बंडातून जन्मले, अशी जी कथा सांगितली जाते ती म्हणूनच अपुरी आहे. बंडाच्या कितीतरी आधी ते अकादमीच्याच शिक्षणक्रमाचा एक भाग होते. बदलले ते तंत्र नव्हे. अभ्यास आणि चित्र यांच्या प्रतिष्ठेतील क्रम बदलला.

या बदलाला साधनांनीही हातभार लावला. तयार तैलरंग पूर्वी डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत भरून ठेवीत. पिशवीला टोचून रंग काढावा लागे, आणि एकदा टोचलेली पिशवी पुन्हा नीट बंद होत नसे. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली कथलाच्या दाबता येण्याजोग्या नळीचे पेटंट घेतले. या नळीमुळे रंग नेणे सोपे झाले आणि ते दीर्घकाळ टिकू लागले. तथापि नळीमुळेच उघड्यावरील चित्रण शक्य झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण व्हालांसिएन, कोरो आणि इंग्लंडमधील जॉन कॉन्स्टेबल यांनी आपले महत्त्वाचे अभ्यास नळीच्या आधीच केले होते. कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ साली हॅम्पस्टेडच्या टेकडीवर केवळ ढगांचे तैलरंगातील अनेक अभ्यास केले आणि त्यांतील कित्येकांच्या मागे दिनांक, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवून ठेवली. नळीने नवी दृष्टी दिली नाही; आधीच असलेल्या दृष्टीचे ओझे हलके केले.

एक पूल, दोन चित्रे

अभ्यास आणि चित्र यांच्यातील नाते तपासण्यासाठी कोरोच्या 'नार्नीचा पूल' याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. कोरो १८२५ ते १८२८ या काळात इटलीत होता. रोमच्या उत्तरेस नार्नी येथे नेरा नदीवर सम्राट ऑगस्टसच्या काळातील एका भव्य पुलाचे अवशेष आहेत. १८२६ साली कोरोने तेथे कागदावर तैलरंगात एक लहान अभ्यास केला. तो आज लूव्रमध्ये आहे. याच विषयाचे, आकाराने जवळजवळ दुप्पट लांबीरुंदीचे चित्र त्याने चित्रशाळेत सिद्ध केले आणि ते १८२७ च्या पॅरिसमधील सालाँ प्रदर्शनात पाठविले. ते आज कॅनडातील ओटावा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

अभ्यासात अग्रभाग जवळपास नाहीच. पाहणारा कोठे उभा आहे हे सांगणारी जमीन चित्रकाराने रंगविलेली नाही. मातकट रंगाचे काही रुंद फटकारे नदीकडे उतरत जातात आणि दृष्टी थेट पात्रात, तेथून भग्न कमानींवर आणि पुढे फिकट होत गेलेल्या डोंगरांवर जाते. पूर्ण चित्रात ही पोकळी भरून निघाली आहे. तेथे चालण्याजोगी वाट आहे, झाडे आहेत, गुरे-मेंढरे आणि माणसे आहेत. प्रेक्षकाला उभे राहण्यासाठी सुरक्षित जागा मिळाली आहे.

विसाव्या शतकाने या दोहोंतील निवड निःसंदिग्धपणे केली. केनेथ क्लार्क यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'लँडस्केप इंटू आर्ट' या ग्रंथात अभ्यासाच्या मोकळेपणाचे कौतुक केले आणि पूर्ण चित्राला क्लोद लोरँच्या शैलीच्या निस्तेज अनुकरणाचा दोष दिला. क्लार्क यांचा हा निवाडा इतका प्रभावी ठरला, की पुढे अनेकांनी त्यातून एक सार्वत्रिक नियमच काढला : जागेवरचे ते जिवंत, चित्रशाळेतले ते मृत.

तथापि हा नियम प्रस्तुत उदाहरणावरूनही सिद्ध होत नाही. पीटर गलासी यांनी कोरोच्या इटलीतील कामावर १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उघड्यावरील अभ्यासामागे असलेली दीर्घ परंपरा साधार दाखवून दिली. तिचा विचार करता नार्नीचा अभ्यास हा निरागस डोळ्याने टिपलेला तुकडा उरत नाही. कोठे उभे राहावे, पूल चौकटीत किती उंचीवर घ्यावा, किती आकाश ठेवावे हे सर्व निर्णय त्यात आहेत, आणि ते प्रशिक्षित हाताचे निर्णय आहेत. म्हणजे अभ्यासातही रचना आहेच. पूर्ण चित्राचा अग्रभाग आपल्याला उसना वाटत असेल, तर त्याचे कारण तो पॅरिसला किंवा रोमला खोलीत रंगविला हे नव्हे. त्या अग्रभागाचा निर्णय नार्नीच्या प्रकाशाने आणि भूगोलाने घडविलेला नाही, सालाँच्या अपेक्षेने घडविलेला आहे, हे खरे कारण होय. त्याच चित्रातील दूरच्या डोंगरांकडे पाहावे. तेही खोलीतच रंगविलेले आहेत, परंतु त्यांतील टोनांचे परस्परसंबंध अभ्यासातून आलेले असल्यामुळे तेथे हवेचे अंतर जाणवते. एकाच पृष्ठभागावर, एकाच छताखाली झालेल्या कामात एक भाग सच्चा आणि दुसरा सांकेतिक वाटतो. तेव्हा छत हा निकष होऊ शकत नाही.

कोरोचे आणखी एक उदाहरण या मुद्द्याला पुष्टी देते. मार्च १८२६ मध्ये रोममधील फार्नेसे उद्यानातून त्याने तीन दृश्ये रंगविली : एक सकाळी, कलोसियमचे दुपारी आणि फोरमचे सायंकाळी. एका बैठकीत संपणारे हे काम नव्हते. त्या त्या प्रहरी तो पुनःपुन्हा त्याच जागी येत राहिला. या चित्रांत दिसणारी सायंकाळ कोणत्याही एका दिवसाची नाही. अनेक सायंकाळींतून निवडलेली, एकमेकींनी दुरुस्त केलेली अशी ती सायंकाळ आहे. जागा तीच, प्रहर तोच, आणि तरीही चित्र म्हणजे क्षणाची नोंद नव्हे. कोरोने स्वतः या अभ्यासांना इतके मोल दिले, की त्यांपैकी कलोसियम आणि फोरम यांची चित्रे त्याने मृत्युपत्राद्वारे लूव्रला दिली.

क्षणिकतेचे दीर्घ श्रम

उघड्यावरच्या चित्रणाचा सर्वांत मोठा कैवारी म्हणून मोनेचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १८६६ साली त्याने 'बागेतील स्त्रिया' हे अडीच मीटरहून उंच चित्र बाहेर बागेतच रंगविण्याचा संकल्प केला. वरचा भाग रंगविताना दृष्टिबिंदू बदलू नये म्हणून त्याने जमिनीत चर खणून कप्पीच्या साहाय्याने कॅनव्हास त्यात खाली सोडण्याची व्यवस्था केली. १८६७ च्या सालाँने ते चित्र नाकारले. १८७० साली त्रूव्हिलच्या समुद्रकिनाऱ्यावर केलेल्या एका लहान चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले आहेत. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील हे चित्र जागेवर झाल्याचा यापेक्षा सबळ पुरावा कोणता असणार? १८८० साली एका मुलाखतकाराने चित्रशाळेविषयी विचारले असता मोनेने आपल्याला चित्रशाळा नाहीच, समोरचा निसर्ग हीच आपली चित्रशाळा, अशा आशयाचे उत्तर दिले होते.

परंतु ही प्रतिमा पूर्ण सत्य नाही. 'बागेतील स्त्रिया' हे चित्रही अखेरीस चित्रशाळेतच पुरे झाले. रूआँच्या कॅथीड्रलची प्रसिद्ध मालिका याहून बोलकी आहे. मोनेने १८९२ आणि १८९३ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान रूआँ येथे ही चित्रे सुरू केली. ती कॅथीड्रलसमोरच्या इमारतींतील खिडक्यांतून पाहून केलेली आहेत, म्हणजे काटेकोर अर्थाने उघड्यावरची नव्हेतच. अनेक कॅनव्हास समोर ठेवून, प्रकाश बदलला की कॅनव्हास बदलायचा, अशी ही पद्धत होती. तेथून परतल्यावर जिव्हेर्नी येथील चित्रशाळेत त्याने त्यांवर दीर्घकाळ काम केले आणि बहुतेकांवर १८९४ हे साल घातले. १८९५ साली पॅरिसमधील द्यूरां-र्‍यूएल यांच्या दालनात त्यांपैकी वीस चित्रे मांडली गेली. या चित्रांतील रंगाचे जाड, खरखरीत, थरावर थर चढलेले पोत पाहिले तर ते एका बैठकीत साधणे भौतिकदृष्ट्याच अशक्य होते हे ध्यानात येते. खालचा थर वाळल्याखेरीज वरचा कोरडा फटकारा असा अडखळत ओढता येत नाही.

मोनेने ऑक्टोबर १८९० मध्ये आपला समीक्षक मित्र ग्युस्ताव्ह जेफ्रॉय याला लिहिलेल्या पत्रात, गवताच्या गंजींवर काम करीत असताना, आपण 'क्षणिकता' शोधतो आहोत आणि सर्वत्र पसरलेला एकच प्रकाश पकडू पाहतो आहोत असे म्हटले आहे. त्याच पत्रात हे साधण्यासाठी किती अधिक श्रम करावे लागतात याचीही कबुली आहे. दृक्प्रत्ययवादाविषयीच्या आपल्या पाठ्यपुस्तकी समजुतीला हे विधान छेद देते. क्षणिकता ही तेथे कामाची गती नाही. ते कामाचे उद्दिष्ट आहे. क्षण झटपट रंगवून सापडत नाही. एका प्रहरातील प्रत्येक रंगाचा शेजारच्या रंगाशी असलेला संबंध जेव्हा संपूर्ण पृष्ठभागावर अचूक जुळतो, तेव्हा पाहणाऱ्याला तो एक क्षण असल्याचा प्रत्यय येतो. हा प्रत्यय निर्माण करण्यास मोनेला काही चित्रांत दोन वर्षे लागली.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. मोनेची चित्रे चित्रशाळेत पूर्ण झाली असली तरी त्यांचा पाया जागेवरच घातला गेला होता, मग जागेचे श्रेष्ठत्व सिद्धच होत नाही काय? आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी जागेवर नेमके काय मिळते हे पाहिले पाहिजे.

मग बाहेर जावे कशासाठी?

सूर्यप्रकाशातील पांढरी भिंत आणि झाडाखालची गडद सावली यांच्या तेजस्वितेतील अंतर प्रचंड असते. रंगफलकावरील सर्वांत पांढरा रंग आणि सर्वांत काळा रंग यांच्यातील अंतर त्या मानाने फारच थोडे. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने चित्रकलेसंबंधीच्या आपल्या व्याख्यानांतून या विषमतेकडे लक्ष वेधले होते. तात्पर्य असे, की चित्रकार निसर्गाची नक्कल करूच शकत नाही. निसर्गाचा मोठा पट त्याला आपल्या लहान पटात बसवावा लागतो आणि त्यासाठी काहीतरी सोडावे लागते. आकाशाचे तेज राखावयाचे असेल तर जमीन गडद होते. सावलीतील रंग उघडून दाखवावयाचे असतील तर आकाश फिके पडते. उन्हाची तीव्रता पांढऱ्या रंगाने दाखविता येत नाही हे कळल्यावर चित्रकार ती उष्ण आणि शीत रंगांच्या विरोधाने सुचवितो. हे सोडणे आणि सुचविणे म्हणजेच निसर्गचित्रणाचा आशय होय.

छायाचित्रावरून काम करणाऱ्याची खरी अडचण येथे आहे. छायाचित्र हे अप्रामाणिक साधन आहे असे नव्हे. काय सोडावे याचा निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेऊन ठेवलेला असतो. सावली काळी पडलेली असते किंवा आकाश पांढरे धोप झालेले असते, आणि विद्यार्थी तो निर्णय निसर्गाचा म्हणून मुकाट्याने स्वीकारतो. बाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मात्र तो निर्णय स्वतः घ्यावाच लागतो. त्याचा डोळा आकाशाकडे वळला की सावली गडद होते, सावलीत स्थिरावला की तिच्यात निळे-जांभळे रंग उमलतात. या दोहोंपैकी कोणते दर्शन कॅनव्हासवर उतरवावयाचे हे दुसरे कोणी त्याला सांगू शकत नाही. जागेवर मिळते ते सत्य नव्हे. तेथे मिळते ती निर्णयाची सक्ती.

जागा फसवतेही, हे अनुभवी चित्रकार जाणतात. कॅनव्हासवर थेट ऊन पडत असेल तर त्यावरचे सगळेच रंग तेजस्वी भासतात. चित्रकार नकळत ते उतरवीत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. म्हणूनच छत्रीची किंवा सावलीची सोय केली जाते. हिरवळीचे प्रतिबिंब रंगफलकावर पडून रंगांची पारख चुकते ते निराळेच. अशा चुका खोलीतल्या स्थिर उजेडात, दुसऱ्या दिवशी, ताज्या डोळ्यांनी पाहिल्यावरच उमगतात. म्हणजे चित्रशाळा ही स्थळाची प्रतिस्पर्धी नाही. ती स्थळावर घेतलेल्या निर्णयांची तपासणी करण्याची जागा आहे. आणि तैलरंग हे माध्यम, त्याच्या सावकाश वाळण्यामुळे आणि दुरुस्तीला वाव देण्यामुळे, या दोन जागांमधली ये-जा सहज सोसते. मोनेच्या कामाने जागेचे श्रेष्ठत्व सिद्ध होते की चित्रशाळेचे, या प्रश्नाचे उत्तर असे आहे : सिद्ध होते ती या ये-जेची आवश्यकता.

मराठी संदर्भ

मुंबईत १८५७ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची आणि १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. या संस्थांच्या वातावरणात घडलेल्या वास्तववादी परंपरेत तैलरंगाची प्रतिष्ठा प्रामुख्याने व्यक्तिचित्राशी आणि प्रसंगचित्राशी जोडली गेली, तर निसर्गचित्राचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर जलरंगाकडे राहिले. याला ब्रिटिश जलरंग परंपरेचा प्रभाव कारण होता, तशी व्यावहारिक सोयही होती. जलरंगाचे साहित्य हलके असते आणि उन्हात ते झटपट वाळते. कोल्हापूरच्या परिसरात रमलेल्या आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्यासारख्या चित्रकारांनी तैलरंगातही निसर्गचित्रे केली, परंतु सर्वसाधारण चित्र हेच राहिले.

या इतिहासाचा एक परिणाम समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. जागेवर, एका बैठकीत, न अडखळता केलेले काम श्रेष्ठ, हा निकष पारदर्शक जलरंगाच्या स्वभावातून निघालेला आहे. जलरंगात दुरुस्ती म्हणजे बहुधा बिघाड. तेव्हा तेथे ताजेपणा आणि सफाई हे गुण एकरूप होतात. हाच निकष आपण तैलरंगाला लावू लागलो. परिणामी तैलरंगातील निसर्गचित्रातही सफाईदार, झटपट फटकाऱ्यांची अपेक्षा निर्माण झाली आणि माध्यमाची खरी शक्ती, म्हणजे परतून पाहण्याची आणि बदलण्याची मुभा, ही उणीव समजली जाऊ लागली. एका माध्यमाचा सद्गुण दुसऱ्या माध्यमाची कसोटी होऊन बसला.

याला निराळे वळण मिळण्याची शक्यता १९३८ च्या सुमारास निर्माण झाली. वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियन चित्रकार नाझी राजवटीमुळे देश सोडून मुंबईत आले आणि पुढे टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले. त्यांच्या तैलरंगातील उत्कट रंगांच्या निसर्गचित्रांनी आणि घरी जमणाऱ्या तरुण चित्रकारांशी होणाऱ्या चर्चांनी एका पिढीवर संस्कार केला. त्या पिढीतील सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) यांचा प्रवास आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. नागपूर आणि मुंबई येथे शिकलेल्या रझांची सुरुवातीची ओळख मुंबईचे रस्ते आणि पावसाळी हवा टिपणाऱ्या जलरंगातील दृश्यांमुळे झाली. १९४८ साली काश्मीरमध्ये भेटलेल्या छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना चित्राच्या बांधणीकडे लक्ष देण्यास सांगितले आणि सेझानचा अभ्यास सुचविला, हे रझांनी स्वतः वेळोवेळी नमूद केले आहे. १९५० साली ते फ्रान्सला गेले. तेथे तैलरंगाशी त्यांची खरी गाठ पडली. त्या दशकातील त्यांच्या चित्रांत घरे, चर्च, टेकडी यांचे आकार जाड रंगाच्या थरांत उभे राहतात, परंतु अमुक एक गाव, अमुक एका प्रहरी, असा आग्रह राहत नाही. पुढे तर त्यांच्या चित्रांचा स्रोत बालपणी मध्य प्रदेशातील अरण्यात अनुभवलेली रात्र हाच झाला.

रझांची ही चित्रे जागेवर झालेली नाहीत म्हणून ती निसर्गचित्रे नव्हेत काय? प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्न असा विचारणेच गैर आहे. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे डोळ्याला जी निर्णयाची सवय लागली, तिच्याशिवाय नंतरच्या रंगसंबंधांतील निश्चिती आली नसती. स्थळ चित्रातून नाहीसे झाले. स्थळाने दिलेली शिस्त नाहीशी झाली नाही.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा, की उघड्यावरील तैलचित्र आणि चित्रशाळेतील तैलचित्र यांत सत्य-असत्याचा भेद नाही. स्मरण, निवड आणि रचना दोहोंत आहेत. दुसरा असा, की चित्रातील सांकेतिकता ही ते कोठे रंगविले यावरून ठरत नाही, त्यातील निर्णय कोठून आले यावरून ठरते. जागेवर बसूनही उसने झाड रंगविता येते. प्रदर्शनांतून दिसणाऱ्या कित्येक चपळ निसर्गचित्रांत तेच ठरीव झाड, तीच ठरीव ओली वाट आणि तेच दोन ठरीव पाठमोरे पादचारी असतात. ती सर्व उघड्यावर केलेली असली तरी त्यांतील काहीही त्या जागेने घडविलेले नसते. तिसरा निष्कर्ष असा, की प्रत्येक माध्यमाला त्याच्या स्वभावातून निघालेली कसोटी लावली पाहिजे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. विद्यार्थ्याने बाहेर जावे, वारंवार जावे, शक्य तर एकाच जागी एकाच प्रहरी जावे. परंतु संध्याकाळी त्याच्या हातात पूर्ण झालेले चित्र असलेच पाहिजे ही अट काढून टाकावी. दोन तासांच्या अभ्यासाला अभ्यास म्हणूनच गुण द्यावेत. त्यावरून आठ-पंधरा दिवसांनी सिद्ध केलेल्या चित्राला वेगळे गुण द्यावेत. आणि दोन्ही शेजारी ठेवून, दरम्यान काय राखले, काय सोडले आणि काय उसने आणले याची चर्चा वर्गात करावी. नार्नीच्या दोन चित्रांनी समीक्षकांना शंभर वर्षांहून अधिक काळ जे शिकविले, ते अशा चर्चेतून विद्यार्थ्याला आपल्याच दोन कॅनव्हासांतून शिकता येईल.

निसर्गचित्रासमोर उभे राहिल्यावर, ते कोठे बसून केले हे अवश्य विचारावे. ती माहिती उपयोगी असते. मात्र तेथे थांबू नये. या जागेने चित्रकाराला कोणता निर्णय घेण्यास भाग पाडले, आणि तो निर्णय त्याने अखेरपर्यंत निभावला काय, हा पुढचा प्रश्न विचारला जाईल तेव्हाच समीक्षेचे काम सुरू झाले असे म्हणता येईल.